शेडनेट दर पावसाळ्यात कडेनेच फाटते? हे करून बघा

लक्षण: कुंड्यांवर सावलीसाठी ताणलेली ही जाळी (नेट) मधोमध शाबूत, पण जिथे तारेने बांधली तिथेच चिरत जाते. आमचं नेरूळचं रो-हाउस खाडीच्या वाऱ्याच्या तोंडावर. जाड तार, केबल टाय, ९० टक्के ऊन अडवणारी नेट, सगळं झालं. घट्ट विणीने वारा शिडासारखा धरला आणि मांडवाचा पाइपच वाकला. वैताग नुसता!

चाललं ते असं. ५० टक्क्यांची नेट घेतली. कड चार बोटं दोनदा दुमडून आत नायलॉन दोरी घातली, शिवून घेतली. मांडवावर दर दोन फुटांवर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारा ताणल्या, त्यावर नेट, नेटवर पुन्हा तारा. फडफड तिथेच थांबते. मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ताणत, फुटाफुटावर दोरीसकट कड पाइपला बांधली. ओढ दोरीवर यायला हवी, विणीवर नाही. फर्नला मात्र ही सावली अपुरी, त्या कुंड्या भिंतीलगत सरकवल्या.