सही करण्याआधी बसायची जागा बघा

गुंतवणूक, विमा, कर्ज यांचे निर्णय आपण आकडे बघून घेतो खरे, पण किती जोखीम पत्करायची हे काही अंशी बसल्या जागेवरही ठरतं. म्हणून मर्यादा घरीच ठरवा. कागदावर तीन गोष्टी लिहा: किती रक्कम बुडाली तरी निभावेल, पैसे किती काळ अडकले तर चालतील आणि मुदतीआधी बाहेर पडल्यास किती कपात सोसाल. टक्क्यांत लिहू नका. '१० टक्के तोटा' सौम्य वाटतो, तेच ५,००,००० मधले ५०,००० गेले म्हटलं की नीट विचार होतो.

सगळ्यात कमी लक्ष जातं ते उंचीकडे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उंच मजल्यावरच्या लोकांचा कल जास्त जोखमीच्या पर्यायांकडे दिसला. काचेच्या लिफ्टने वर जाणारे खाली येणाऱ्यांपेक्षा धाडसी निवड करत होते. उंचावर असल्याने आपला वरचष्मा असल्याची भावना नकळत येते, हे त्याचं कारण. बाहेरचं दिसलं नाही, किंवा असं होतं हे आधीच कळलं, तर हा परिणाम ओसरतो. तेव्हा वरच्या मजल्यावर बैठक असेल तर खिडकीकडे पाठ करून बसा आणि घरचा कागद समोर ठेवा.

गर्दीत उलट होतं. दाटीवाटीत माणूस सावध होतो आणि सुरक्षित वाटेल ते निवडतो. ही सावधगिरी शहाणपणाची वाटते, पण तिच्यापायी गरज नसलेली वाढीव वॉरंटी किंवा जादा विमाकवचही गळ्यात पडू शकतं. शक्यतो दुकान किंवा कार्यालय उघडायच्या वेळी, गर्दी व्हायच्या आधी जा.

उकाड्यात गुंतागुंतीची तुलना करायचा कंटाळा येतो. साधारण १९ आणि २५ अंश सेल्सिअस एवढ्या फरकानेही हे प्रयोगांत दिसलं आहे. मग समोरचा सुचवेल त्याला आपण मान डोलावतो. म्हणून प्रत्येक पर्यायाची एक ओळ आणि खर्च, मुदत, संभाव्य तोटा असे तीन रकाने, एवढा तक्ता आधीच तयार ठेवा.

तिथल्या तिथे सही करू नका. मसुद्याची प्रत घ्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या टेबलावर तीच तीन उत्तरं पुन्हा लिहा. आकडा बदलला असेल तर नवी माहिती कोणती मिळाली ते शोधा. तशी काही सापडली नाही, तर घरून लिहून नेलेला आकडाच धरा.