नोटिफिकेशन दाबलं आणि अर्धा भरलेला फॉर्म गेला: या चुका टाळा

‘तुमचा अर्ज अर्धवट राहिला आहे’ असं नोटिफिकेशन येतं, माणूस ते दाबतो आणि समोर कोरी होम स्क्रीन. हा प्रकार इतक्या अ‍ॅपांत पाहिलाय की आता चीड येते.

एका टीमचं अँड्रॉइड अ‍ॅप माझ्याकडे आलं तेव्हा तक्रार होती, ‘भरलेली माहिती आपोआप पुसली जाते.’ मंडळी सर्व्हर तपासत बसली होती. दोष इंटेंटमध्ये होता, म्हणजे ‘ही स्क्रीन उघड’ असं अँड्रॉइडला सांगणाऱ्या निरोपात. नोटिफिकेशन दाबलं की दर वेळी त्याच स्क्रीनची नवी प्रत उघडायची, म्हणून कुणीतरी कुठूनतरी न्यू टास्क आणि क्लिअर टास्क हे दोन फ्लॅग (इंटेंटला जोडायच्या सूचना) उचलून चिकटवले. प्रती थांबल्या, सगळे खूश. पण क्लिअर टास्क त्या टास्कमधल्या, म्हणजे उघड्या स्क्रीनच्या चळतीतल्या, सगळ्या अ‍ॅक्टिव्हिटी (स्क्रीन) आधी संपवतो. ज्या फॉर्मची आठवण करून द्यायची, तोच आठवणीनं मारला! फ्लॅग काय करतो हे डॉक्युमेंटेशनमध्ये वाचायला पाच मिनिटं लागतात, पण घाई असते ना.

अ‍ॅप होतं तसं पुढे आणायचं असेल, तर आयकॉन दाबल्यावर लाँचर (फोनची होम स्क्रीन) पाठवतो तसाच इंटेंट द्या: अ‍ॅक्शन मेन, कॅटेगरी लाँचर, न्यू टास्क. ठरावीक स्क्रीन हवी असेल तर मी सिंगल टॉप (तीच स्क्रीन वर असेल तर नवी प्रत नको) वापरतो आणि तेव्हा चालणाऱ्या ऑन-न्यू-इंटेंटमध्ये सेट-इंटेंट न विसरता लिहितो. नाहीतर गेट-इंटेंट जुनाच इंटेंट देत राहतो.

एवढ्यानंही भागत नाही. युजरनं रिसेंट्समधून अ‍ॅप सरकवून टाकलं की सेव्ह्ड इन्स्टन्स स्टेट, म्हणजे सिस्टिमनं जपलेली स्क्रीनची स्थितीही गेली. म्हणून मी प्रत्येक रकाना सोडताच मसुदा लोकल डेटाबेसमध्ये लिहितो आणि नोटिफिकेशनमधून फक्त त्याचा आयडी पाठवतो. ‘जड पडेल’ म्हणणाऱ्यांनी आधी मोजून दाखवावं.

दुसरी माझी नावडती चूक: प्रत्येक पेंडिंग इंटेंटला (टॅप झाल्यावर चालवायला नोटिफिकेशनकडे दिलेल्या इंटेंटला) रिक्वेस्ट कोड, म्हणजे ओळखीचा आकडा, शून्य. दोन इंटेंट एकच आहेत का हे ठरवताना अँड्रॉइड एक्स्ट्रा, म्हणजे इंटेंटसोबत पाठवलेला डेटा, बघतच नाही. त्यामुळे अपडेट करंट (जुन्याच पेंडिंग इंटेंटमध्ये नवा डेटा भरणारा फ्लॅग) लावलं असेल तर दोन अर्जांची दोन्ही नोटिफिकेशनं शेवटचाच अर्ज उघडतात. अर्जाचा आयडीच रिक्वेस्ट कोड म्हणून द्या.

बाकीच्या झटपट. अँड्रॉइड १२ टार्गेट करत असाल तर नोटिफिकेशनवरून आधी रिसीव्हर किंवा सर्व्हिस (अ‍ॅपचे पडद्यामागचे भाग) आणि तिथून स्क्रीन, हा द्राविडी प्राणायाम चालत नाही. थेट अ‍ॅक्टिव्हिटी उघडा. आयओएसवर नोटिफिकेशन सेंटरचा डेलिगेट (टॅपची खबर घेणारा ऑब्जेक्ट) अ‍ॅप लाँच पूर्ण होण्याआधी लावा, नाहीतर बंद अ‍ॅप उघडणारा टॅप हरवतो. फायरबेसचा (गूगलच्या मेसेज पाठवायच्या सेवेचा) ‘नोटिफिकेशन’ प्रकारचा मेसेज अ‍ॅप मागे असताना ऑन-मेसेज-रिसीव्हड या मेसेज हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये येत नाही. त्याचा डेटा टॅपनंतर इंटेंटच्या एक्स्ट्रात शोधा.

आणि टेस्टिंग! अ‍ॅप समोर, अ‍ॅप मागे, प्रोसेस मेलेली, या तिन्ही स्थितींत दाबून बघा. नवशिके तिसरीसाठी फोर्स स्टॉप करतात आणि मग नोटिफिकेशन कुठे गेलं म्हणून विचारतात. फोर्स स्टॉपनं तेही जातं. होम दाबा, एडीबीवरून (कंप्युटरवरून फोनला आज्ञा द्यायच्या साधनावरून) ‘एएम किल’ ही प्रोसेस मारणारी आज्ञा चालवा, मग टॅप करा.