इटालियन शब्दात जोर कुठे द्यायचा?

नवा इटालियन शब्द दिसला की आधी त्याचे उच्चारानुसार तुकडे पाडा आणि शेवटून दुसऱ्या तुकड्यावर जोर द्या. बहुतेक शब्दांत हे बरोबर ठरतं: मि-ला-नो मध्ये 'ला'वर, तो-रि-नो मध्ये 'रि'वर. जोर अगदी शेवटी असेल तर शेवटच्या स्वरावर तिरपी रेघ छापलेली असते, उदाहरणार्थ चित्ता (शहर), काफ्फे (कॉफी).

फसगत होते ती शेवटून तिसऱ्या तुकड्यावर जोर असलेल्या शब्दांत, कारण तिथे सहसा कुठलीच खूण छापत नाहीत. ना-पो-लि मध्ये 'ना'वर, जे-नो-वा मध्ये 'जे'वर, ते-ले-फो-नो मध्ये 'ले'वर जोर येतो. क्रियापदंही अशीच: पार-ला-नो (ते बोलतात) मध्ये 'पार'वर. यांना नियम शोधत बसू नका. शब्दकोशात जोराची जागा दाखवलेली असते. शब्द वहीत उतरवतानाच त्या अक्षराखाली रेघ मारा.

तुकडे पाडताना एकच व्यंजन दोनदा आलं असेल तर ती जोडी मधोमध तुटते: पित-त्सा, नोत-ते (रात्र). पण 'स' आणि त्याला लागून आलेलं व्यंजन एकत्र पुढच्या तुकड्यात जातात: पा-स्ता, फि-ने-स्त्रा (खिडकी).

शब्दाच्या आत जोराचा तुकडा स्वरावर संपत असेल तर तो स्वर लांबवा. नो-नो म्हणजे नववा, इथे पहिला 'नो' लांब. नोन-नो म्हणजे आजोबा, इथे स्वर आखूड आणि 'न'वर क्षणभर थांबायचं. 'पका' आणि 'पक्का' यांतला फरक मराठी कानाला सहज कळतो, त्यामुळे हा भाग आपल्याला खरंच सोपा जातो.