फोन एक वेळ सांगतो, संगणक दुसरी : कॅलेंडरचा मेळ कसा बसवावा

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची तपासणी होती. दवाखान्यातून फोन आला की वेळ ११ ऐवजी ९:३० केली आहे. मी तेव्हा पुण्याहून इंदूरला येणाऱ्या गाडीत होते. घरात आम्ही सगळे एकच गूगल कॅलेंडर वापरतो. त्यात फोनवरून लगेच वेळ बदलली, पण त्या पट्ट्यात नेट नव्हतं. त्याच रात्री इकडे इंदूरात सुदामानगरला दादानं संगणकावर तीच नोंद उघडली आणि बरोबर न्यायच्या कागदांची यादी तिच्यात लिहिली. सकाळी दोन बदल एकमेकांवर आदळले. कागदांची यादी राहिली, वेळ परत ११ झाली. बाबा १०:३० वाजता काळा चष्मा लावून, पायात चपला घालून ओसरीत तयार बसले होते. त्यांचा नंबर केव्हाच निघून गेला होता.

चूक कोणाचीच नव्हती, आणि म्हणूनच ही गोष्ट नीट समजून घ्यावी असं मला वाटतं. फोन नेट नसतानाही बदल स्वीकारतो आणि तो जवळ ठेवून नेटची वाट पाहतो. तेवढ्यात दुसऱ्या कोणी तीच नोंद बदलली, तर एकाच नोंदीच्या दोन आवृत्त्या तयार होतात. पुढे काय होईल ते ज्या त्या प्रोग्रामवर अवलंबून असतं. काही ठिकाणी शेवटी पोचलेला बदल टिकतो, काही ठिकाणी सर्व्हरवरचा, म्हणजे कॅलेंडर चालवणाऱ्या कंपनीच्या संगणकावरचा, टिकतो, काही प्रोग्राम हरलेली प्रत बाजूला काढून ठेवतात. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी. कोणती वेळ खरी, हे यातल्या एकालाही कळत नाही. ते दवाखान्यालाच ठाऊक असतं.

आधी हात थांबवा

गोंधळ दिसला की आपण फोनवर दुरुस्ती करतो, मग संगणकावर करतो, मग पुन्हा फोनवर. तसं करू नका. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि घोळ झालेल्या नोंदींचे स्क्रीनशॉट काढा. कॅलेंडर अॅपचा डेटा पुसायची किंवा खातं काढून पुन्हा जोडायची घाई तर अजिबात नको. फोनमध्ये अडकलेला, सर्व्हरवर न पोचलेला बदल त्यात कायमचा जातो.

मग संगणकावर प्रत काढा. गूगल कॅलेंडर ब्राउझरमध्ये उघडून सेटिंगमध्ये जा, तिथे इम्पोर्ट आणि एक्सपोर्ट असा भाग आहे. एक्सपोर्ट केलं की एक झिप फाइल उतरते, तिच्यात प्रत्येक कॅलेंडरची एकेक आयसीएस फाइल, म्हणजे नोंदी साध्या मजकुरात लिहिलेली फाइल, असते. ती जपून ठेवा. पुढे काहीही बिघडलं तरी आजची स्थिती हातात राहील.

ही आयसीएस फाइल नोटपॅडमध्ये उघडून एकदा वाचाच. घाबरण्यासारखं तिच्यात काही नाही. प्रत्येक नोंद काही ओळींची असते. डीटी-स्टार्ट या ओळीत सुरुवातीची वेळ, लास्ट-मॉडिफाइडमध्ये शेवटचा बदल कधी झाला ते, आणि यूआयडी म्हणजे त्या नोंदीचा ओळख क्रमांक. बाबांच्या नोंदीत वेळ ०५३००० अशी होती आणि शेवटी झेड हे अक्षर होतं. मी आधी दचकले, पहाटे ५:३० कुठून आले? झेड म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. तिच्यात आपले साडेपाच तास मिळवले की बरोबर ११ वाजतात. लास्ट-मॉडिफाइडची वेळही तशीच वाचायची. त्यावरूनच मला कळलं की दादाचा बदल माझ्या नंतरचा होता.

घोळ नेमका कोणता ते ओळखा

नोंद एकच आणि फोनवर-संगणकावर वेळ वेगळी असेल, तर तो खरा संघर्ष. चिठ्ठी, तिकीट किंवा समोरच्या माणसाला केलेला फोन यावरून वेळ ठरवा. जो बदल उशिरा झाला तोच बरोबर, असं धरून चालू नका. आमच्याकडे उशिराच्या बदलानंच घात केला. ठरलेली वेळ फक्त संगणकावर घाला, आणि दुसऱ्या आवृत्तीत जे कामाचं असेल, पत्ता असो की कागदांची यादी, तेही त्याच नोंदीत हातानं उतरवा. मगच फोनचं नेट चालू करा. फोननं अडकलेला जुना बदल वर ढकललाच, तर संगणकावर पुन्हा एकदा दुरुस्ती करावी लागेल, म्हणून दोन मिनिटं थांबून दोन्हीकडे बघा.

नोंदच दोनदा दिसत असेल तर प्रकरण वेगळं आहे. इंदूरच्या मराठी घरांना हे चटकन समजेल. आपला श्रावण अमावास्येनंतर लागतो, शेजारच्या हिंदी घरात पौर्णिमेनंतर, म्हणजे साधारण पंधरा दिवस आधीच. जन्माष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी, त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. सण एकच आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून कोणी तो दोनदा करत नाही. संगणकाला सण ठाऊक नसतो, तो ओळख क्रमांक पाहतो. तुम्ही फोनमध्ये एक नोंद केली आणि संगणकावर तीच स्वतंत्रपणे पुन्हा लिहिली, तर क्रमांक दोन, म्हणून नोंदी दोन. नाव आणि वेळ अगदी सारखी असली तरी त्या आपोआप एक होणार नाहीत. कोणत्या खात्यातली ठेवायची ते ठरवा आणि दुसरी खोडा.

ते खातं बघण्यासाठी नोंद उघडा, आत कॅलेंडरचं नाव दिसतं. सॅमसंगमध्ये ‘माय कॅलेंडर’ असेल किंवा आयफोनवर ‘ऑन माय आयफोन’ असेल, तर ती नोंद फक्त फोनमध्ये आहे, गूगलपर्यंत ती जाणारच नाही. घरातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ मला इथेच सापडलं. अशा नोंदी गूगल खात्यात हलवा आणि नवी नोंद करताना खातं तपासा. आयफोनवर कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट कॅलेंडर, म्हणजे नवी नोंद आपोआप जिथे जाते ते, एकदा निवडून ठेवता येतं.

सगळ्या वेळा नेमक्या साडेपाच तासांनी सरकल्या असतील, तर हा संघर्ष नाहीच, टाइम झोन चुकला आहे. नोंदी एकेक दुरुस्त करत बसू नका. फोन आणि संगणक दोन्हीकडे भारताची वेळ लावा.

आणि दर आठवड्याच्या नोंदी, म्हणजे संगीताचा क्लास, फिजिओथेरपी वगैरे. इथे फार जपा. एका दिवसाची वेळ बदलताना प्रोग्राम विचारतो, फक्त ही नोंद, ही आणि यापुढच्या, की सगळ्या? घाईत ‘सगळ्या’ दाबलं की आधी मुद्दाम बदललेले दिवसही मूळ वेळेवर जाऊ शकतात. फक्त ही नोंद निवडा. मालिकाच बिघडली असेल तर ती आजपासून संपवून नवी सुरू करणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

चुकून काही खोडलं गेलं तर गूगल कॅलेंडरच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं, ब्राउझरमधून परत आणता येतं. ऑफिसचं कॅलेंडर आउटलुकमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल-कॅलेंडरच्या प्रोग्राममध्ये, असेल, तर जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये कंट्रोल आणि ६ दाबून फोल्डरांची पूर्ण यादी काढा. तिच्यात ‘सिंक इश्यूज’ आणि त्याच्या पोटात ‘कॉन्फ्लिक्ट्स’ असतं, हरलेल्या प्रती तिथे सापडतात.

मेळ बसला का ते तपासा

फोनवर उद्यासाठी ‘चाचणी’ नावाची नोंद करा, ती संगणकावर येऊ द्या. तिथे वेळ बदला, बदल फोनवर आला का पाहा, मग फोनवरून खोडा आणि संगणकावरूनही गेली की नाही ते बघा. येणं, बदलणं, जाणं ही तिन्ही तपासा. अडत असेल तर फोनच्या खात्यांमध्ये कॅलेंडरचं सिंक, म्हणजे नोंदी आपोआप जुळवणं, बंद आहे का आणि बॅटरी सेव्हर चालू आहे का, ते आधी पाहा. आउटलुकमध्ये गूगलचं कॅलेंडर नुसत्या आयसीएस दुव्यानं जोडलं असेल, तर ते तिथे फक्त वाचता येतं, बदलता येत नाही.

आमच्या घरी आता वेळ बदलायची ती एकाच ठिकाणी, संगणकावरच्या गूगल कॅलेंडरमध्ये. प्रवासात असले की मी नोंदीला हात लावत नाही, दादाला फोन करून सांगते, तो बदलतो आणि बदलल्यावर वेळ मोठ्यानं वाचून दाखवतो. आणखी एक, कपाटात पडलेला जुना फोन शोधून काढा. त्यात तुमचं खातं अजून चालू असेल आणि कोणी तो महिन्यांनी चार्ज करून वायफायला जोडला, तर त्याच्या पोटातले जुने बदल तेव्हा वर येऊ शकतात. तो नेटला न जोडता उघडून बघा, कामाचं काही राहिलं असेल तर टिपून घ्या आणि मग त्यातून खातं काढून टाका.