सीटी स्कॅनवरून हाडाच्या मजबुतीचा अंदाज कसा बांधावा
डेक्सा ही हाडांची नेहमीची क्ष-किरण तपासणी घनता प्रति चौरस सेंटिमीटर अशी सपाट मोजते, त्यामुळे हाडाची आतली रचना तिच्यातून निसटते. सीटीमध्ये ही उणीव बरीच भरून निघते.

स्कॅन करताना रुग्णासोबत कॅलिब्रेशन फँटम, म्हणजे ज्ञात घनतेचा नमुना ठोकळा, ठेवावा, कारण सीटी प्रतिमेतील हाउन्सफिल्ड एककांचे (क्ष-किरण किती शोषले गेले याचे माप: पाणी ०, हवा उणे १०००) घनतेत रूपांतर त्याच्या आधारे अधिक विश्वासार्ह होते. शिरेतून कॉन्ट्रास्ट (प्रतिमा ठळक करणारे द्रव्य) दिलेला स्कॅन शक्यतो टाळावा. त्यात घनता प्रत्यक्षाहून जास्त दिसते. मणक्यात बाहेरचे कठीण कवच वगळून फक्त जाळीदार भाग मोजावा. त्याची सरासरी प्रति घन सेंटिमीटर ८० मिलिग्रॅमपेक्षा कमी आल्यास ऑस्टिओपोरोसिस (हाडे ठिसूळ होण्याचा आजार) मानतात.

मात्र घनता म्हणजे मजबुती नव्हे. मजबुती काढण्यासाठी हाडाची सीमा आखून त्याचे लहान लहान घटक पाडावेत, प्रत्येकाला त्याच्या घनतेनुसार ताठरता द्यावी आणि या फायनाइट एलिमेंट प्रतिमानावर, मांडीच्या हाडाच्या बाबतीत कुशीवर पडतानाचा, भार लावून ते किती न्यूटन बलाला मोडेल हे काढावे. घनता आणि ताठरता यांचे नाते सरळ रेषेतले नसते. म्हणून वापरलेले सूत्र त्याच हाडासाठी तपासलेले आहे ना, याची खात्री करावी. इथे चूक होऊ शकते.