घरात हार्टचं पथ्य सुरू करताय? या चुका टाळा

घरात कुणाला अटॅक आला, स्टेंट (हार्टच्या रक्तनळीत बसवतात ती जाळी) बसला, नाहीतर नुसतं छातीत दुखलं म्हणून दोन दिवस आयसीयूत ठेवून सोडलं, की पुढचे पंधरा दिवस सगळं घर धास्तावलेलं असतं. तेल बंद, मीठ बंद, मटण बंद, मोसंबीचा ज्यूस चालू. आणि महिन्याभरात सगळं परत पहिल्यासारखं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडं आमच्या पै-पाहुण्यांत हे इतक्यांदा बघितलंय की शेवटी लिहायला बसले.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पेशंटचं वेगळं पातेलं. अण्णांना फिक्की आमटी आणि त्याच पंगतीला बाकीच्यांच्या ताटात तर्रीचा रस्सा, एण्णेगाईवर, म्हणजे भरल्या वांग्यावर, बोटभर तेल. अण्णा किती दिवस गप्प बसतील सांगा की. आणि दोन-दोन स्वयंपाक करणारी बाई किती दिवस करेल, तिचा तर कोण विचारच करत नाही. त्यात अजून एक गोष्ट लोक विसरतात. वडील किंवा भावाला 55 च्या आत, किंवा आई नाहीतर बहिणीला 65 च्या आत हार्टचा त्रास झाला असेल तर बाकीच्या रक्ताच्या माणसांचाही धोका वाढतो. म्हणजे ज्या पोराला तर्रीचा रस्सा वाढताय त्याचंच लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी), बीपी, शुगर एकदा बघायला पाहिजे. म्हणून कालवण एकच करा, सगळ्यांना तेच.

आता मीठ. "आम्ही वरनं मीठ घेतच नाही हो," असं सगळेच सांगतात, पण आपल्याकडं मीठ नुसतं आमटीतनं येत नाही, ताटाच्या डाव्या बाजूनंही येतंय. शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी, लिंबाचं लोणचं, सांडगी मिरची, पापड, आणि भाकरीबरोबर हे सगळं थोडं थोडं घेतलं की झालं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट एक चमचा, छोटा, चहाचा, आणि त्यात लोणचं-पापड सगळं आलं. आमच्याकडं असं करतात: चार माणसं असतील तर सकाळी एका वाटीत तीनच चमचे मीठ काढायचं, दिवसभर स्वयंपाकाला तेवढंच, चौथा चमचा चटणी-लोणच्यातनं जाणारच आहे असं धरायचं. संध्याकाळी वाटी रिकामी झाली की बरणीला हात लावायचा नाही. शेंगाची चटणी सोडायची गरज नाही, शेंगा चांगल्याच आहेत, घरी कुटताना मीठ निम्मं करा आणि लसूण, जिरं जास्त घाला. सैंधव मीठ घेतलं म्हणजे सुटलो असं समजू नका, त्यातही सोडियमच आहे. कमी सोडियमवालं जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतंय, किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरायचंच नाही, रक्तात पोटॅशियम वाढलं तर हार्टचे ठोके बिघडतात.

तेलाचं उलटं होतंय, कुठलं तेल यावर तासभर चर्चा आणि किती तेल यावर एक शब्द नाही. शेंगतेल, करडई, सूर्यफूल, यातलं कुठलंही चालेल, पण माणशी महिन्याला अर्धा लिटर. चौघांच्या घरात एक तारखेला दोन लिटर वेगळ्या कॅनमध्ये ओतून ठेवा, त्यात महिना काढायचा. घाण्याचं शुद्ध आहे म्हणून जास्त चालतं असं काही नाही. पाकिटावर "कोलेस्टेरॉल फ्री" लिहिलेलं बघून भुलू नका, झाडापासनं आलेल्या कुठल्याच तेलात ते जवळजवळ नसतंच. डालडा आणि पाम तेल मात्र बंद करा, आणि मिरची भजी तळलेलं तेल परत परत तापवणं पण.

तेल-मटण कमी झालं की पोट भरायला चहाबरोबर खारी, टोस्ट, बटर सुरू होतं, ही चूक तर कुणाच्या लक्षातच येत नाही. मैदा, वनस्पती तूप आणि मीठ तिन्ही त्यात. तसंच साखर बंद करून गूळ दुप्पट. गूळ पण साखरच हो. पाहुण्यांनी आणलेला कुंदा, गोकाकचा करदंट असलं गोड एक तुकडा खाल्लं तर आभाळ कोसळत नाही, पण डबा फ्रीजमध्ये राहिला की तो संपेपर्यंत खाल्ला जातो, तेव्हा शेजारी वाटून टाका. ज्यूसपेक्षा अख्खं फळ.

आणि निपाणी भागातल्या लोकांनी मनावर घ्या, ताटातलं सगळं बदलून तंबाखू, विडी, मिश्री चालू ठेवली तर उपयोग फार थोडा आहे.

मग अडचणी येतात. जेवण बेचव लागतंय हे पहिलं. जिभेला काही आठवडे लागतात, तोवर लिंबू, कोकम, कोथिंबीर, भाजलेला खडा मसाला हाताशी ठेवा. विकतच्या कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतंय, ते धरून घाला. पोट फुगतंय हे दुसरं, कारण एकदम मटकी, हुलगे, नाचणी सगळं सुरू केलं. हळूहळू वाढवा, कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या. गॅसवर फसफसणारी पावडर रोज घेऊ नका, त्यात सोडियम भरपूर. उठल्यावर चक्कर येत असेल तर मीठ कमी झाल्यानं आणि गोळ्यांनी मिळून बीपी उतरलेलं असू शकतं, बीपी मोजून डॉक्टरांना दाखवा, स्वतः गोळी बंद करू नका.

इतकं करून कोलेस्टेरॉल तेवढंच आलं म्हणून काहीजण खचतात. बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं लिव्हरच बनवतं, जेवणानं काही अंशीच कमी होतं, बाकीचं काम गोळीचं. उलट रिपोर्ट चांगला आला तरी गोळी सोडायची नाही, कारण तो गोळीमुळंच चांगला आलाय. स्टेंटनंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या मनानं थांबवल्या तर स्टेंटच बंद पडू शकतो. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन किंवा अ‍ॅसिट्रॉम चालू असेल तर पालक-मेथी एकदम वाढवू नका आणि एकदम सोडूही नका, रोजचं प्रमाण सारखं ठेवा.

शेवटचं, आणि हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. नवीन जेवणानं गॅस होतोच, त्यामुळं छातीत दुखलं तरी "काल मटकी खाल्ली होती ना" म्हणून जिऱ्याचं पाणी देतात. छातीत दाबल्यासारखं होणं, घाम सुटणं, हात किंवा जबडा दुखणं, धाप लागणं, यातलं काही असलं तर सोडा-जिरं करत वेळ घालवू नका, लगेच 108 ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत पेशंटला जिना उतरायला किंवा चालायला लावू नका.