मॉडेल म्हणालं, विरघळेल

एमएस्सी करून मी महापेच्या एमआयडीसीत एका लॅबमध्ये लागलो, तेव्हा पायथन जेमतेम यायचं. पहिलंच काम होतं रेणूची पाण्यातली विद्राव्यता सांगणारं मशीन लर्निंग मॉडेल, म्हणजे जुन्या मोजमापांवरून शिकून नव्या रेणूचा अंदाज देणारा प्रोग्राम. डेलानी या संशोधकाचा 2004 चा 1,128 संयुगांचा डेटा फुकट मिळतो. त्यात लॅबच्या जुन्या वह्यांतल्या नोंदी घातल्या, रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णय-झाडांच्या उत्तरांची सरासरी काढणारं मॉडेल) चालवलं. आर-स्क्वेअर 0.9 (1 म्हणजे अंदाज तंतोतंत)! त्या संध्याकाळी ठाणे लोकलमध्ये उभ्याने आलो, पण हवेत होतो.

आठवड्याने सीनियर मॅडमनी मॉडेलने पास केलेला एक पदार्थ बीकरमध्ये टाकला. तासभर स्टरर फिरला, तळाचा पांढरा गाळ हलेना. "अरे, याच्यासारखा एक तरी रेणू दाखवला होतास का त्याला?"

बघितलं तर सगळ्यात जवळच्या रेणूशी टॅनिमोटो साम्य (रचना किती जुळते, 0 ते 1 मध्ये) फक्त 0.2. म्हणजे ओळखदेख नसताना मॉडेलने बेधडक उत्तर दिलं होतं. वर 0.9 सुद्धा फुगलेलाच निघाला. बरीच संयुगं डेटात दोनदा होती, एकदा मूळ रूपात आणि एकदा क्षार म्हणून. रँडम स्प्लिटमध्ये, म्हणजे डेटा चिठ्ठ्या टाकल्यासारखा वाटताना, एक नोंद ट्रेनिंगला गेली, दुसरी टेस्टला. पेपर आधीच फुटलेला. डुप्लिकेट काढून स्कॅफोल्डनुसार (रेणूच्या मूळ सांगाड्यानुसार) स्प्लिट केला, तर 0.6 वर आलो.

नवख्यांनी युनिटकडेही नीट बघावं. विद्राव्यता लॉगमध्ये (10 च्या घातांकात) मोजतात, त्यामुळे 0.7 ची चूक म्हणजे प्रत्यक्षात पाचपट. आणि वेगवेगळ्या लॅबची मोजमापंच एकमेकांशी अर्ध्या-पाऊण युनिटने जुळत नाहीत. अशा डेटावर कुणी 0.2 ची चूक दाखवली, तर मी आधी डुप्लिकेट शोधतो.

रँडम फॉरेस्टची आणखी एक गोम आहे. ते ट्रेनिंगमधल्या आकड्यांची सरासरी काढतं, म्हणून तिथल्या सर्वोच्च आकड्याच्या वर कधीच जात नाही. विक्रमी मटेरियल शोधायला निघालात, तर हे मॉडेल त्याचा विक्रमी आकडा दाखवणारच नाही. शंभर झाडांची उत्तरं विखुरली तर शंका घ्या, हे ठीक. पण अनोळखी रेणूवर शंभरही एकमताने चुकू शकतात, आणि हे मला कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

आता माझ्या एक्सेलमध्ये प्रत्येक अंदाजाशेजारी दोन कॉलम असतात: जवळचा रेणू आणि त्याच्याशी साम्य. मॅडम तेच आधी वाचतात. 0.3 च्या खाली दिसलं की माझा आकडा न बघताच बीकर घेतात.